विहिरीवरचे जाळे

त्या मुलखात कोळ्यांची एक रीत होती. संध्याकाळी जाळे विणायचे, त्यात जे सापडेल त्यावर पोट भरायचे, आणि ऊन पडायच्या आत ते जाळे उतरवून गिळून टाकायचे. गिळलेल्या जाळ्याचा पोटात पुन्हा तंतू होई आणि तोच संध्याकाळी पुन्हा बाहेर येई. ज्याचे जाळे त्यानेच गिळायचे. दुसऱ्याचे गिळले तर पोटात ठरत नसे, उलटून पडे. त्यामुळे कोळ्यांकडे साठवण नव्हती आणि वारसाही नव्हता, पण कोणाला त्याचे वाईट वाटत नसे. उन्हात आपले जाळे कसे दिसते हे मात्र त्या मुलखातल्या एकाही कोळ्याने कधी पाहिले नव्हते.

मुलखावर बराच काळ रेशीमकिड्यांचे राज्य होते. समुद्रापलीकडून आलेले ते पांढरेशुभ्र, गुबगुबीत राज्यकर्ते शिस्तीचे भोक्ते होते. ज्या वस्तूला भोके आहेत ती वस्तूच नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते, आणि जाळ्याला तर भोकांशिवाय काही नसतेच. म्हणून त्यांनी बंदरालगत एक तंतुशाळा काढली. तिथे टेबलावर मधोमध एक रेशमी कोश ठेवलेला असे आणि भोवती बसलेल्या कोळ्यांनी तसाच्या तसा कोश गुंडाळायचा असे. कोळ्याने कोश गुंडाळायचा म्हणजे बैलाने अंडे घालायचे, पण शाबासकीच्या ओढीने कोळी तेही शिकले. काहींचे कोश इतके हुबेहूब होत की रेशीमकिडे मान डोलावत आणि मग ते कोश फडताळात ठेवून विसरून जात.

शहराच्या कडेला, वखारींच्या मागे, वापरातून गेलेली एक विहीर होती. तिच्या मोडक्या रहाटावर भुरी नावाची कोळीण राहत असे. आईबाप लवकर गेले, तेव्हा भुरीने धाकट्या भावाला, ठिपक्याला, आपल्या जाळ्यातल्या माश्या भरवून वाढवले. ती स्वतः आईने शिकवले तसे साधे गोल जाळे विणी, पहाटे गिळी, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे. ठिपक्याला मात्र तिने हौसेने तंतुशाळेत घातले. भावाने चार लोकांत नाव काढावे एवढीच तिची इच्छा होती.

ठिपक्या हुशार निघाला. त्याचे कोश सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून गुळगुळीत होत. मग एके दिवशी त्याने कोशाला मुद्दाम एक भोक ठेवले. मास्तरांनी कारण विचारले, तर म्हणाला, "आत जो कोंडलाय त्याला बाहेरचं दिसावं म्हणून." मास्तर स्वतः कोळीच होते, पण रेशीमकिड्यांहून कडक. त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. भुरी त्याला फार बोलली आणि मग, तो जेवला नाही म्हणून, स्वतःही जेवली नाही.

पुढे रेशीमकिडे जहाजात बसून परत गेले. का गेले याची बरीच कारणे सांगतात, आणि त्यांतली बहुतेक नंतर सुचलेली आहेत. मुलूख आपला झाला म्हणून शहरभर आनंदीआनंद झाला. तो ओसरल्यावर कोळ्यांना प्रश्न पडला, की आता विणायचे काय? तंतुशाळेचे मास्तर म्हणाले, कोशच. जुनी खोडे म्हणाली, आजीचे गोल जाळे. ठिपक्याला दोन्ही नको होते. त्याच्यासारखेच शाळेला नकोसे झालेले चौघे त्याला येऊन मिळाले आणि रोज संध्याकाळी विहिरीवर त्यांचा अड्डा जमू लागला.

एकाचे जाळे एकाच बाजूला कललेले असे. एकीच्या जाळ्यात गोलाई औषधालाही सापडत नसे, सगळे कोपरेच. ठिपक्या मोठाल्या मोकळ्या जागा सोडी आणि त्यांच्या कडांना तंतू इतके दाट आणी की बघणाऱ्याला आधी ती मोकळी जागाच दिसे. माश्या त्या जाळ्यांतून खुशाल ये-जा करत. त्यामुळे पाच जणांची पोटे भुरीच्या एका गोल जाळ्यावर पोसली जात. त्या काळाबद्दल आज खूप बोलले जाते, पण माश्या कोणी पुरवल्या याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

भुरीला आधी वाटले, पोराचे डोके फिरले. मग एका संध्याकाळी ती आपले जाळे अर्धे टाकून भावाच्या जाळ्यासमोर बसून राहिली. त्या मोकळ्या जागेत तिला आई गेल्यानंतरचे घर दिसले. तिने ते ठिपक्याला सांगितले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याला रागावणे बंद केले.

त्याच सुमारास विहिरीवर एक पतंग आला. त्याचे दोन्ही पंख कडेने जळालेले होते. दूरच्या एका मुलखात एक फार मोठा दिवा लावला गेला होता आणि तो पतंगांसाठीच लावला गेला होता. त्याच्या गणगोतातले कोणी उरले नव्हते. तो कसाबसा निसटून, कुठल्याशा जहाजाच्या शिडात लपून इथे आला होता. तो कधी उजेडाकडे तोंड करून बसत नसे. त्याला सगळे पाहुणा म्हणत, आणि शेवटपर्यंत पाहुणाच म्हणत राहिले.

पतंग म्हणजे कोळ्याचे जेवण. त्याला पाहून भुरीचे पाय आपोआप पुढे सरकले होते. पण तो पळाला नाही. ठिपक्याच्या जाळ्यापासून वीतभर अंतरावर तो नुसता बघत बसला होता.

"हे कोणी विणलं?" त्याने विचारले.

त्या मुलखात जाळ्याबद्दल एकच प्रश्न विचारत: किती सापडल्या? कोणी विणले हे आजवर कोणी विचारले नव्हते. ठिपक्या पुढे झाला. भुरीने पुढे सरकलेले पाय मागे घेतले.

पाहुणा मग रोज येऊ लागला. त्याने दुसऱ्या मुलखांतली जाळी पाहिली होती, त्याबद्दल तो सांगे आणि पोरे तोंड उघडे टाकून ऐकत. एकदा तो थांबता थांबता पहाटेपर्यंत थांबला. ठिपक्याने रीतीप्रमाणे जाळे उतरवायला घेतले, तर पाहुणा आडवा आला.

"गिळू नकोस," तो म्हणाला. "माझ्या मुलखात जे होतं त्यातलं काही उरलं नाही रे. हे एवढं तरी उरू दे. एक दिवस."

एका दिवसाने काय होते, म्हणून ठिपक्याने पाय मागे घेतले. थोड्या वेळाने ऊन पडले. तंतूंवर दव होते. कोळ्यांनी जन्मात पहिल्यांदा आपल्यातल्या एकाचे जाळे उजेडात पाहिले. त्या वेळी कोणाला काय वाटले ते सांगता येत नाही, पण कोपरेवाली रडली, आणि भुरीसुद्धा रडली. आपल्या आईची एवढी जाळी पोटात गेली, आपण त्यातले एकही उजेडात पाहिले नाही, हे तिला त्या दिवशी कळले.

इथून पुढे सगळे भराभर झाले. पाचांनी आण घेतली: आपली जाळी गिळायची नाहीत. गिळणे म्हणजे मागासलेपण. या गोष्टीचा बोभाटा करायला एक रातकिडा आयताच मिळाला. त्याला फार लांबचे दिसत नसे, पण आवाज खणखणीत होता. राखणारे आणि गिळणारे अशा दोन जाती त्याने पाडल्या आणि कोणाचे जाळे कशाबद्दल आहे हे तो रोज शहराला सांगू लागला. ठिपक्याची मोकळी जागा म्हणजे नव्या मुलखाची पहाट, असे त्याचे म्हणणे पडले. ठिपक्या आधी हसला. मग हसायचा थांबला. काही दिवसांनी तोही तसेच म्हणू लागला.

रेशीमकिड्यांचे वाडे आता सोनकिड्यांकडे आले होते. हे चकचकीत पाठीचे किडे व्यवहारात तरबेज, मनाने वाईट नव्हेत, पण त्यांना विणता येत नसे. रेशीमकिड्यांनी लावलेले रेशमी कोश हलवल्यामुळे त्यांच्या भिंती मोकळ्या पडल्या होत्या, आणि मोकळ्या भिंतींमुळे आपण नवे आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या लक्षात येई. रातकिड्याचे ऐकून एका सोनकिड्याने एक जाळे नेऊन दोन काचांमध्ये बसवले. मग दुसऱ्याला राहवेना. वर्ष फिरले तोवर ज्याच्या घरी न गिळलेले जाळे नाही त्याच्याकडे कोणी चहालाही जाईना. काचेची दालने उघडली. काल ज्यांना वेडगळ म्हणत त्यांना आता आवतणे येऊ लागली, आणि ठिपक्याचा ठिपकेसाहेब झाला. भावाने नाव काढले होते. भुरीला अभिमान वाटला, आणि तो खोटा नव्हता.

पण संध्याकाळी तो विणायला बसला की तिची नजर त्याच्या तंतूकडे जाई. तो बारीक होत चालला होता.

"ठिपक्या, एखादं तरी गिळ," ती म्हणे. "येतं कुठून हे सगळं, कधी विचार केलास का?"

"ताई, तू गिळ की. तुझ्या जाळ्याला कोण विचारतंय?" तो म्हणे, आणि लगेच ओशाळून तिच्या जाळ्यातली माशी गोड मानून खाई.

तंतू कुठून तरी येतोच. गिळलेल्या जाळ्यातून आला नाही तर अंगातून येतो. ही गोष्ट कोळ्यांना कोणी शिकवली नव्हती, कारण जाळे गिळायचे नाही असे त्या मुलखात आजवर कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्याच काळात ठिपक्याने विहिरीवरचे जाळे घातले. विहिरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सबंध तोंडावर. ते एका संध्याकाळचे काम नव्हते. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंत तो विणत होता. खाली काळे पाणी, वर आभाळ, आणि मधे ते. वाकून पाहिले की दोन्ही त्या जाळ्यातच आहेत असे वाटे. टिंगल करणारे जुने कोळीही येऊन काठावर बसले आणि बघत राहिले. ठिपक्याने त्यात अंगातले होते नव्हते ते सगळे ओतले होते. जाळे पुरे झाले तेव्हा तो इतका हलका झाला होता की वाऱ्याने काठावरून सरके.

सोनकिड्यांचा शेठ स्वतः बघायला आला. उघड्यावर हे टिकणार नाही, पहिल्या वादळात जाईल, असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. पाहुण्याने ठिपक्याची समजूत घातली. "आत काचेत सुरक्षित राहील. तू केव्हाही जा, बघ." शेठच्या मुंगळ्यांनी ते जाळे अलगद उचलून नेले. नेताना पुढचा एक पदर पाहुण्याने स्वतः धरला होता, कुठे फाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ठिपक्या विणायला बसला आणि तंतू आला नाही.

बाकीचे तोवर मार्गी लागले होते. दोघांनी वाऱ्यावर धागा सोडला आणि ते समुद्रापलीकडे निघून गेले, जिथे म्हणे तंतूला तोटा नव्हता. एक सोनकिड्यांच्या दारांचे पडदे विणू लागला. कोपरेवाली शहाणी निघाली: ती पडद्याआड एक जाळे गुपचूप गिळी आणि दुसरे, अगदी तसेच, राखायला देई. आण पाळणारा एकटा ठिपक्या उरला होता.

आता त्यानेही ती मोडली. त्याची स्वतःची जुनी लहानसहान जाळी कुठे कुठे उरली होती ती भुरीने गोळा करून आणली आणि त्याने गिळली. त्यातून बोटभर तंतू निघाला. माश्यांनी पोट भरे, पण तंतू होईना. भुरीने वेड्यासारखे आपले स्वतःचे जाळे त्याच्या तोंडात घातले. ते उलटून पडणार हे दोघांनाही माहीत होते, आणि ते पडले. त्याच्या अंगातले सगळे त्या विहिरीवरच्या जाळ्यात होते. ते परत पोटात गेले असते तर ठिपक्या वाचला असता, नाहीतर नाही. एवढी सरळ गोष्ट होती.

भुरी आणि पाहुणा शेठकडे गेले. दालनात भरदुपारचे ऊन होते, तरी पाहुणा उजेडाकडे तोंड करून आत आला.

"भुरीबाई, उभ्या का? बसा," शेठ म्हणाला. "ठिपकेसाहेबांची तब्येत कशी आहे?"

"त्याला त्याचं जाळं द्या," भुरी म्हणाली. "तो गिळेल आणि बरा होईल."

शेठने काचेतल्या जाळ्याकडे पाहिले. तो वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणीही आले.

"बाई, ते जाळं आता त्यांचं राहिलं नाही. माझंही नाही. सगळ्या मुलखाचं झालं. मुलखाची वस्तू एकाच्या पोटात घालायला मी कशी देऊ?"

"मग एक कोपरा द्या."

"कोपरा काढला तर जाळं उरेल का, तुम्हीच सांगा. मी रोज माश्या पाठवतो. मानपत्र देऊ. चांगला वैद्य बघू."

"त्याला खायला आहे, शेठ. त्याला तंतू नाही."

"मी विनंती करतो," पाहुणा म्हणाला. "चूक माझी आहे."

"चूक कसली?" शेठ मनापासून म्हणाला. "तुम्ही नसतात तर ही कला वाचलीच नसती. तुम्ही तर स्वतः पदर धरून आणलंत."

 परत विहिरीपाशी आल्यावर पाहुण्याने भुरीला वाकून नमस्कार केला, जो त्या मुलखात पतंग कोळिणीला कधी करत नसत. त्यानंतर तो विहिरीवर आला नाही. बंदरावरच्या दिव्याकडे जाताना त्याला कोणी पाहिले म्हणतात. भुरीने चौकशी केली नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण तो काही केल्या येईना.

ठिपक्या रहाटाच्या सावलीत पडून होता. फुंकर मारली तर उडेल एवढाच उरला होता.

"ताई, दिलं का त्यांनी?"

"देतो म्हणालेत," भुरी म्हणाली. आयुष्यात ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटे बोलली.

"बरं झालं. मला पुढचं सुचलंय." त्याच्या आवाजात खरेच हुरूप होता. "विहिरीवरचं काहीच नाही. ते नुसतं शिकण्यापुरतं होतं."

"कसं आहे पुढचं?"

त्याने पुढचा एक पाय उचलला आणि हवेत दाखवू लागला. इथून असा तंतू जाईल, इथे वळेल, इथे काहीच नाही. इथे ताई, तुझं गोल जाळं येईल, अख्खं, आहे तसं. भुरी त्याच्या पायामागे नजर नेत होती आणि मान हलवत होती. तिला ते दिसत होते. सगळे जाळे तिला अगदी स्पष्ट दिसत होते, फक्त तिथे तंतू नव्हता. ऊन कलेपर्यंत तो विणत राहिला. मग एका ठिकाणी पाय वळायचा होता तो वळला नाही, तसाच हवेत राहिला. भुरीने तो हलकेच खाली घेतला. त्या जाळ्याचे पुढे कसे जायचे होते ते तिला आता कोणी सांगणार नव्हते, आणि या विचाराने ती जेवढी रडली तेवढी आईसाठीही रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठचे मुंगळे आले. शेठची इच्छा होती, की ठिपकेसाहेबांचा देह त्यांच्या जाळ्यापाशी ठेवावा, मुलखाने दर्शन घ्यावे. भुरीने विचार केला, जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी दोघे एके ठिकाणी राहतील. तिने त्याला मुंगळ्यांच्या हवाली केले.

दालन दर्शनासाठी उघडायच्या दिवशी ती गेली. फार गर्दी होती. रातकिड्याचा आवाज बसला होता, तरी तो बोलत होता. समुद्रापलीकडे गेलेल्या दोघांनी हार पाठवले होते. एका बाजूला तंतुशाळेचे मास्तर नव्या कोळ्यांना रांगेत घेऊन बसले होते. समोर विहिरीवरचे जाळे होते आणि प्रत्येकाने तसाच्या तसा तुकडा विणायचा होता. ज्यांचा हुबेहूब जमत होता त्यांच्याकडे पाहून सोनकिडे मान डोलावत होते.

"ओळ सोडू नका, हात लावू नका," मुंगळा सांगत होता.

भुरी ओळीने पुढे सरकत काचेपाशी पोहोचली. ठिपक्याला त्यांनी जाळ्याच्या अगदी मधोमध, आठही पाय पसरून बसवले होते. तोंड एका जाड तंतूला टेकलेले होते. आणि त्या तंतूला काही होऊ नये म्हणून सोनकिड्यांनी त्याचे तोंड डिंकाने नीट, काळजीपूर्वक मिटवून घेतले होते.